खोडलेलं रीडिंग

डिसेंबरातली सकाळची बॅच होती. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारावीची मुलं पोटॅशियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्याची एन्थाल्पी, म्हणजे विरघळताना किती उष्णता घेतली किंवा सोडली जाते ते, काढत होती. थर्माकोलच्या पेल्यात १०० मिली पाणी, त्यात ५ ग्रॅम क्षार. हलकं ढवळायचं आणि थर्मामीटरवरून नजर काढायची नाही.

एका मुलीच्या जर्नलवर सही करताना माझा हात थांबला. सुरुवातीचं तापमान २६.४ अंश, शेवटचं ३०.१. त्या ३०.१ खाली खोडरबराचा काळपट डाग होता आणि त्यातून पुसट २२.७ दिसत होते. म्हणजे ३.७ अंशांचा फरक तिने जसाच्या तसा ठेवला होता, फक्त दिशा उलटी केली होती. मी पेला हातात घेतला. अजून गार लागत होता.

"हे का गं बदललंस?"

ती कावरीबावरी झाली. "मॅडम, क्षार आपोआप विरघळला ना? मग उष्णता बाहेर पडायला हवी. आणि बंध तुटले की ऊर्जा मिळतेच. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचंही तसंच असतं ना?"

आपोआप घडतं ते उष्णता देतंच, असं एकोणिसाव्या शतकात थॉमसन आणि बर्थेलो यांच्यासारखे मोठे रसायनशास्त्रज्ञही मानत होते, त्यामुळे तिच्यावर रागवायचा प्रश्नच नव्हता. पण बंधांचा गैरसमज मला तिथल्या तिथे काढायचा होता. फळ्यावर पाण्याचं उदाहरण घेतलं. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, अर्धा मोल ऑक्सिजनला २४९. एकूण खर्च ६८५. पाण्याचे ओ-एच बंध जुळताना ९२६ परत मिळतात. उरले २४१. हायड्रोजन पेटतो तो या जुळण्याच्या जोरावर. तोडायला नेहमी पदरचंच घालावं लागतं. एटीपीतही बंध तोडायला खर्चच होतो. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना आणि तयार झालेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यात स्थिरावताना.

"मग आपल्या क्षारात?" तिने विचारलं.

आयन एकमेकांपासून सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून थोडी कमी ऊर्जा त्यांना पाण्याने वेढून घेताना परत मिळते. मोलमागे सुमारे ३५ किलोज्यूल कमी पडतात, ते पाण्याच्याच उष्णतेतून जातात. तरी क्षार विरघळतो, कारण स्फटिकात शिस्तीत बसलेले आयन पाण्यात पसरतात आणि एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते.

ती क्षणभर गप्प राहिली. मुळशीची मुलगी, इथे कॉट बेसिसवर राहते. मग म्हणाली, "युरियाचं पण असंच का, मॅडम? बाबा फवारणीला युरिया कालवतात तेव्हा बादली बाहेरून गार पडते. मी लहानपणी गाल लावून बसायचे."

मला गलबलून आलं. जूनमध्ये मी वर्गात ज्वलन, चुनकळी, आम्ल-अल्कली अशी तापणारीच उदाहरणं दिली होती. युरियाची बादली तिच्या घरी होती आणि माझ्या फळ्यापुढे तिला ती आठवलीच नाही.

तिने प्रयोग पुन्हा केला. २६.२ वरून २२.५. उत्तर आलं सुमारे ३३. पेल्याबाहेरची उष्णता थोडी आत झिरपते, म्हणून ते ३५ पेक्षा कमी येतं, हे तिचं तिनेच सांगितलं. उत्तरापुढचं अधिक चिन्ह, म्हणजे उष्णता शोषली गेल्याची खूण, तिने या वेळी पेनने काढलं.