सरांसाठी पद्मचा अर्ज भरताना

बडोद्यात आमच्या वयाच्या कितीतरी जणांच्या हातात दोर आणि दुर्बीण एकाच माणसाने दिली. सरांचं नाव इथे लिहीत नाही. निकाल लागेपर्यंत त्यांना गाजावाजा नको आहे. पावागडच्या कातळावर प्रस्तरारोहण, जांबुघोड्याच्या जंगलातली शिबिरं आणि दर जानेवारीत वढवाणा तलावावरची पाणपक्षी गणना, हे सगळं त्यांनी नोकरी सांभाळून, बरंचसं स्वतःच्या पगारातून केलं. आम्ही जुन्या शिबिरार्थींनी मिळून त्यांचं नाव पद्म पुरस्कारासाठी पाठवलं. तुमच्या गावात असं कुणी असेल तर उपयोग व्हावा, म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीलाच प्रत्येकजण विचारायचा, "आमदारांचं पत्र आणलंत का?" लागत नाही. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुठलाही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा. एक अट मात्र आधी बघून घ्या. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर नोकरीत असलेले सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी पद्मला पात्र नसतात. सर एका सार्वजनिक उपक्रमातून निवृत्त झालेले, त्यामुळे आमची अडचण सुटली.

खरी अडचण पुढे आली: क्षेत्र कोणतं निवडायचं? पद्मच्या 'क्रीडा' क्षेत्रात साहसी खेळ आणि गिर्यारोहण येतात. वन्यजीव संरक्षण मात्र 'इतर' या क्षेत्रात. सरांच्या आयुष्यात ही विभागणी कधी नव्हतीच. गुजरातमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र करण्याची मोठी परंपरा आहे. सौराष्ट्रातल्या जसदणच्या निसर्ग अभ्यासक लवकुमार खाचरांनी मुलांना तंबूत ठेवून, रानावनात हिंडवून निसर्ग शिकवला. जसदणजवळच्या हिंगोळगडची निसर्ग शिबिरं आठवणारी माणसं आजही आहेत. आमचे सर त्याच वाटेवरचे. माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्थेत ते कातळ चढायला शिकले आणि परत आल्यावर कातळाच्या कपारीतली गिधाडांची घरटी मोडू नयेत म्हणून कुठे चढायचं नाही, हे त्यांनी आम्हाला आधी शिकवलं. त्या काळी हे सांगणारं दुसरं कुणी आमच्या ओळखीत नव्हतं.

पुष्कळ वाद झाले. शेवटी 'इतर' निवडलं, ते पुराव्यांमुळे. क्रीडा क्षेत्रात पदकं, विक्रम, पहिलं शिखर असं दाखवावं लागलं असतं, आणि सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना चढवलं. काकूंनी माळ्यावरचे अल्बम काढून दिले. बहुतेक फोटोंत चढणारा दिसतो, दोर खाली चौकटीबाहेर जातो, आणि तो दोर धरणारे सर कुठेच नाहीत. काकू म्हणाल्या, "आता ह्याचा पुरावा कसा देणार रे तुम्ही?" त्यावर शिबिरार्थींकडून पत्रं मागवली. कुणी आता पुण्यात, कुणी सुरतेत, एक जण वनखात्यात. प्रत्येकाला एवढंच सांगितलं होतं की स्तुती नको. कोणतं साल, कुठली जागा, सरांनी काय केलं आणि त्यातून पुढे काय झालं, ते लिहा. अशी चार ओळींची पत्रंच सर्वांत कामी आली.

तलावाचे पुरावे मात्र भक्कम होते. वढवाणा हा डभोई तालुक्यातला, सयाजीराव महाराजांच्या काळात ओरसंग नदीचं पाणी वळवून केलेला सिंचन तलाव, १९१० सालचा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, मोठ्या लालसरी आणि चक्रवाक हे पाणपक्षी तिथे हिवाळा काढतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली सुरू झाली. तिचे तक्ते सरांनी वर्षानुवर्षं हाताने भरले आणि प्रत्येकाची कार्बन प्रत जपून ठेवली. २०२१ मध्ये वढवाणा रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. तो सरांमुळे झाला असं आम्ही कुठेही लिहिलं नाही, ते खरं ठरलं नसतं. पण ज्या काळात तलावावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्याकडे लोक संशयाने बघायचे, त्या काळातली सलग नोंद या माणसाकडे आहे, हे ठळक लिहिलं.

कार्याची माहिती जास्तीत जास्त आठशे शब्दांत लिहायची असते. आमचा पहिला मसुदा सत्काराच्या भाषणासारखा झाला होता. मग 'निसर्गप्रेमी', 'समर्पित' हे सगळे शब्द गेले आणि त्यांच्या जागी सालं, गावं, कामं आली. सरांनी संमती देताना एक अट घातली होती: तलावाकाठच्या गावातल्या राखणदारांचा आणि नावाड्यांचा उल्लेख हवा. "अहो, पक्षी त्यांनी राखले, मी मोजले," असं ते म्हणाले. पुरस्कार एका व्यक्तीचा असतो, तरी ते वाक्य आम्ही ठेवलं, आणि ठेवलं याचं मला फार समाधान आहे.

अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरली. मुदतीच्या शेवटच्या दिवसांवर मात्र टाकू नका.

आता पद्मची नावं २६ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होतील. मरणोत्तर आणि परदेशस्थांचे पुरस्कार सोडले तर वर्षाला १२० च्या वर पुरस्कार देत नाहीत आणि नावं देशभरातून येतात, याची आम्हाला कल्पना आहे. त्यामुळे तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्काराचीही तयारी चालू केली आहे. त्यात जमीन, पाणी आणि हवा या विभागांना अलीकडच्या तीन वर्षांतली कामगिरी लागते, पण जीवनगौरव विभागात सगळं आयुष्य मोजतात, आणि तिथे शिबिरार्थींची पत्रं थेट उपयोगी पडतील. पक्षीगणनेचे तक्ते स्कॅन करायचं काम दांडिया बाजारातल्या आमच्या एका मित्राने अंगावर घेतलंय. कार्बनची अक्षरं पुसट होत चालली आहेत, म्हणून सर रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून आकडे वाचून दाखवतात.