आठ चिमुकले स्नायू आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा

12 जुलै, फोंडा. रात्रीचे साडेदहा.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वीज दोनदा गेली, दोनदा आली. आज तपासायच्या मुद्रितांना (प्रुफांना) हातही लावला नाही. मान तयार नव्हती.

तीन आठवडे झाले या दुखण्याला. दुपार कलली की कवटीच्या मागून ठणका चढायला लागतो आणि दिवेलागणीपर्यंत उजव्या डोळ्यामागे येऊन बसतो. आधी चष्म्यावर संशय घेतला. नंबर तपासला, तो बरोबर निघाला. मग पित्त म्हणून दोन दिवस नुसती पेज जेवलो. मग खोबरेल कोमट करून चोळून घेतलं. त्यानं तासभर बरं वाटायचं. घरात सगळ्यांचं एकमत, उसण भरली. माझं निदान वेगळं होतं. तीस वर्षं मान खाली घालून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याची ही वसुली. (मान आणि मान ही कोटी मी इतक्या लेखकांच्या मजकुरात पाहिली आहे की इथे ती करणार नाही.)

आज दुपारी वरच्या मजल्यावरची मुलगी आली. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीला आली की माझ्याकडे पुस्तकं न्यायला येते. मी मान चोळत बसलेला बघून तिनं आधी उलटतपासणी घेतली. हाताला मुंग्या येतात का, ताप होता का, कुठे पडलात-बिडलात का. सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणाली, "काका, डॉक्टरांना दाखवाच, मी अजून डॉक्टर नाही. पण मान आम्ही गेल्याच महिन्यात केली."

"केली म्हणजे गो?"

"म्हणजे शवविच्छेदनात सोडवली. थराथरानं."

मग तिनं माझ्या मानेवरच बोट फिरवत सांगितलं. सगळ्यात वर ट्रॅपिझियस, कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यावर उतरलेला. दोन्ही बाजूंचे मिळून ख्रिस्ती मठातल्या साधूच्या टोपरासारखे दिसतात म्हणून जुन्या लॅटिनमध्ये त्याला कुकुलारिस म्हणायचे. जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या चित्रांतले पाद्री आठवले, पाठीवर टोपी टाकलेले. त्याच्याखाली स्प्लेनियस, पट्टी गुंडाळल्यासारखा तिरका. नावाचा अर्थच पट्टी. त्याच्याखाली सेमीस्पायनॅलिस. मानेच्या मधल्या खळगीच्या दोन्ही बाजूंना हाताला दोन दोरखंड लागतात ना, ते मुख्यतः याचेच. चार-पाच किलोचं डोकं, म्हणजे एखादं बऱ्यापैकी कलिंगड, पुढे कलंडू न देण्याचं काम बरंचसं या दोरखंडांवर.

इथपर्यंत मला अंदाज होता. मान म्हणजे ओझं पेलणारा हमाल, दमला की कुरकुरणार. पण ती म्हणाली, "खरी गंमत अजून खालीच आहे. डोळे मिटा."

तिनं माझेच दोन्ही अंगठे कवटीच्या कडेखाली, केस संपतात तिथल्या खोबणीत नेऊन टेकवले. "डोकं हलवायचं नाही. मिटल्या पापण्यांआड फक्त बुबुळं डावीकडे न्या. आता उजवीकडे."

अंगठ्यांखाली काहीतरी हललं. डोकं स्थिर, तरी आत खोलवर बारीक ताण आला नि गेला, पाण्याखाली मासा वळावा तसा. मी चारदा करून बघितलं. पंचावन्न वर्षं ही मान वापरतोय आणि हे ठाऊक नाही!

हे सबऑक्सिपिटल, म्हणजे कवटीच्या मागच्या हाडाखालचे, स्नायू. एका बाजूला चार, दोन्हीकडचे मिळून आठ. दोन सरळ, दोन तिरके. त्यातले तिघं मिळून एक त्रिकोण करतात आणि त्या त्रिकोणाच्या तळाशी मेंदूकडे जाणारी एक रोहिणी मानेच्या पहिल्या मणक्यावरून वळसा घेते. तोंडी परीक्षेत हा त्रिकोण हमखास विचारतात म्हणे. हे स्नायू ताकदीचे नाहीत, पण ताण मोजणारे सूक्ष्म तंतू यांच्यात खच्चून भरलेले असतात. डोकं कुठे आहे, किती वळलं, नजरेबरोबर किती वळायला हवं, याची खबर ते मेंदूला देत राहतात. मी हमाल समजत होतो, हे तर मोजणीदार.

आणि डोळ्यामागचा ठणका? मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची एक फांदी यांच्यातल्या खालच्या तिरक्या स्नायूला वळसा घालून, वरचा दोरखंड भेदून माथ्यापर्यंत जाते. शिवाय मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस यांचे निरोप आत एकाच टेबलावर जमा होतात. तिथे गल्लत होते. दुखतं मागे, वाटतं पुढे. आमच्या कचेरीत पणजीची बातमी मडगावच्या पानावर लागायची तसलाच प्रकार.

हे सगळं ऐकून मी म्हटलं, "म्हणजे मान खाली घालणं बंद."

"तुम्ही मान खाली घालताच कुठे? काम करून दाखवा बघू."

संगणकापुढे बसलो. तिनं बाजूनं मोबाइलवर फोटो काढला आणि दाखवला. फोटोत एक गृहस्थ हनुवटी वर करून, डोकं पुढे काढून, चष्म्याच्या खालच्या काचेतून पडद्याकडे बघतोय. चारचौघांत शिष्ट वाटावा असा. दोन महिन्यांपूर्वी मी प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. जवळचा नंबर त्यात खाली असतो. आणि पडदा डोळ्यांच्या रेषेत हवा, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्याच्याखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सरकवला होता. म्हणजे पडदा वर, नंबर खाली आणि मधे बिचारी मान. हनुवटी उचलली की ते आठही जण कवटी आणि मणक्यांच्या मधे आखडून बसतात. दिवसाचे सहा-सात तास. कागदी मुद्रितं तपासायचो तेव्हा खरंच मान खाली असायची, आणि तेव्हा हे दुखणं नव्हतं. इतकी वर्षं ज्या सवयीला शिव्या घातल्या, तिचा या खेपेला काही हात नव्हता.

जाताना ती दोन पुस्तकं घेऊन गेली, आधीचं एक न परत करता.

संध्याकाळी फक्त संगणकाच्या अंतराच्या नंबराचा वेगळा चष्मा सांगून आलो. सोमवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. आणि पडद्याखालचा गठ्ठा उपसला. सगळ्यात तळाचा अंक 2009 चा, कडेला वाळवी लागलेला. मुद्रितशोधन माझंच. उभ्या उभ्या चाळला, तर अनुक्रमणिकेतच एक वेलांटी चुकलेली.