वरून येणारा पाय

आपलं आपण ड्रम शिकायला बसलेला माणूस सगळ्यात आधी हातांच्या प्रेमात पडतो. त्याचा दोष नाही. व्हिडिओतला कॅमेराच हातांवर रोखलेला असतो. काठ्या गरगर फिरतात, झांजा चमकतात, टॉम नावाच्या ड्रम्सवरून डावीकडून उजवीकडे धावत सुटलेला फिल, म्हणजे ठेका सोडून मध्येच भरलेली सजावट, डोळ्यांत भरतो. खाली एक पाय मुकाट्याने मोठ्या ड्रमचं पेडल दाबतोय, तिकडे बघायला कोण जातंय? खरं तर ड्रमसेट उभा राहिला तोच या पायाच्या जिवावर. पेडलं आधीही होती, पण वेगात चालेल असं पेडल शिकागोच्या लडविग बंधूंनी १९०९ साली बाजारात आणलं आणि दोघा-तिघांनी उभं राहून वाजवायची ती पसाऱ्याची वाद्यं एकट्या माणसाला स्टुलावर बसून झेपायला लागली. हातांनी वाजवणारे त्याआधीही होतेच की.

हे मी एवढ्या ठामपणे सांगू शकतो, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाळिशीतल्या इंजिनिअरने इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घेतला आहे. हेडफोन लावला की शेजाऱ्यांना काही कळत नाही, असं त्याला दुकानात सांगितलं होतं. हे निम्मं खरं आहे. जाळीच्या पॅडवरची काठीची टकटक खोलीबाहेर फारशी जात नाही. पण पेडलचा हातोडा आदळला की त्याचा धक्का स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तिथून थेट आमच्या दिवाणखान्यात उतरतो. एकदा लिफ्टमध्ये त्याने ओशाळून विचारलं, "काका, आवाज येतो का हो खाली?"

"आवाज नाही येत रे," मी म्हटलं, "पाय येतो."

लहानपणी तबला शिकलोय आणि अजूनही भजनाला साथीला बसतो, त्यामुळे नुसत्या पायावरून वरचं बरंचसं कळतं. सुरुवातीला एक ठोका पडला की त्याच्या मागोमाग एक बारीक थरथर यायची, धम् आणि लगेच टर्रर्. म्हणजे हातोडा पॅडवर नीट दाबूनही धरला जात नव्हता आणि मोकळा मागेही येत नव्हता, मधल्यामध्ये अडखळत दोन-तीनदा आपटत होता. दाबून धरा नाहीतर सोडून द्या, दोन्ही रीती चालतात आणि दोन्हीकडचे मोठे वादक आहेत. पण यातलं आपण काय करतोय हे पायाला ठाऊक हवं. व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला ही थरथर ऐकूच येत नाही, कारण त्याच्या कानात त्या वेळी पूर्ण गाणं चाललेलं असतं.

मला सगळ्यात मजा येते ती फिलच्या वेळी. तीन बार, म्हणजे चार-चार मात्रांची तीन आवर्तनं, सरळ जातात. चौथ्याला पाय गायब होतो, म्हणजे आता हात टॉमवर निघाले. मी पेपर खाली ठेवतो आणि मनात मात्रा मोजायला लागतो. एक, दोन, तीन... आणि चौथी पुरती व्हायच्या आतच धाडकन पाय हजर. अर्धी मात्रा आधी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा! वर त्याच क्षणी क्रॅश नावाच्या झांजेवर काठी पडली असणार आणि याला वाटलं असणार, जमलं.

फिल पळतो, हा घरच्या घरी शिकणाऱ्यांचा राष्ट्रीय आजार म्हणावा लागेल. हाताला उत्साह येतो हे एक कारण. दुसरं असं की, एरवी लय धरून ठेवणारा पाय नेमका त्याच वेळी सुट्टीवर जातो. उपाय कंटाळवाणा आहे. फिल चालू असतानाही पाय, निदान डावा, हाय-हॅटची जोडझांज मिटणारा पाय, एकेका मात्रेवर चालू ठेवायचा. नाहीतर तीन बार ठेका वाजवायचा, चौथ्यात काहीच वाजवायचं नाही, फक्त मोजायचं आणि पहिल्या मात्रेवर यायचं. काहीच न वाजवता बरोबर ठिकाणी येता आलं, तर मग तिथे काही वाजवायचा अधिकार. आमच्याकडे तबल्यात तिहाई घेणाऱ्याला, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणाऱ्याला, हीच धास्ती असते. बोल कितीही सुंदर असोत, सम चुकली तर ऐकणारे जमिनीकडे बघायला लागतात. खोलीत एकट्याने वाजवणाऱ्यासमोर जमिनीकडे बघणारं कुणी नसतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

गाण्याबरोबर वाजवायची सवय यात तेल ओतते. रेकॉर्डमधला ड्रमर पक्का असतो. तुम्ही अडखळलात तरी तो गाणं सोडत नाही आणि तुमचा निसटलेला ठोका त्याच्या ठोक्यात विरून जातो. तासभर असं वाजवलं की आपणच गाणं चालवलं असं वाटतं. खरं बघायचं तर गाणं बंद करावं आणि मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या लयीत टकटक करणारं यंत्र, ६० वर लावावा. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका. दोन ठोक्यांच्या मधली ती मोकळी जागा एवढी मोठी वाटते की माणूस घाबरून आधीच काठी टाकतो. जलद वाजवणं सोपं, ठाय लयीत टिकणं अवघड, हे तबल्याच्या क्लासमध्ये पहिल्याच वर्षी कळतं. कळवलंच जातं.

मेट्रोनोमविषयी एक भाबडा राग असतो, यंत्र माणसाला यंत्र बनवतं म्हणून. मेल्झेलने १८१५ साली त्याचं पेटंट घेतलं (त्यातली मुख्य कल्पना अ‍ॅमस्टरडॅमच्या विंकेलची, पण नाव मेल्झेलचं झालं) आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. आपल्याला तो वाद घालायचं कारणच नाही. सोलो तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर तेच ते सुरांचं आवर्तन धरून बसणारा लेहरेवाला दुसरं काय करत असतो? तो सुरेल आहे म्हणून त्याला कुणी यंत्र म्हणत नाही. आणि मेट्रोनोमची क्लिक बरोबर लागली की एक गंमत होते. तुमचा ठोका नेमका तिच्यावर पडला की ती ऐकूच येत नाही, ठोक्याखाली झाकली जाते. क्लिक सारखी टोचत असेल तर समजावं, आपण तिच्या आगेमागे आहोत.

दुसरी एक खोड स्लॅबमधून अगदी स्वच्छ कळते. चुकलं की हा पहिल्यापासून सुरू करतो. परिणामी एका जुन्या इंग्रजी गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट आता उत्तम वाजतं, इतकं की माझी बायको भाजी निवडताना त्यावर मान हलवते. पुढच्या कडव्याशी मात्र आम्हा कुणाचीच अजून ओळख झालेली नाही. जिथे अडतं तेवढेच दोन बार बाजूला काढून, निम्म्या लयीत घासायचे असतात. पण त्यात गाण्याची मजा नाही, आणि ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला मजा हवी असते. मला ते समजतं.

एकदा त्याने वर चहाला बोलावलं तेव्हा हात दिसले. काठी मुठीत अशी आवळलेली, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. अंगठ्याच्या बाजूला फोड आलेले आणि ते तो कौतुकाने दाखवत होता. फोडांचं कौतुक करू नये, असं माझं मत आहे. सुरुवातीला थोडे येतात, पण येतच राहिले तर पकड चुकतेय. अंगठा आणि तर्जनी यांच्यात काठी तोलून धरायची, बाकीच्या बोटांनी नुसता आधार द्यायचा. मग पॅडवर पडलेली काठी आपली आपण वर उसळते. ती उसळी तिला घेऊ द्यायची. दुसरा ठोका अर्धा फुकटात मिळतो तो असा. मूठ आवळली की हे फुकटातलं सगळं परत केल्यासारखं होतं आणि प्रत्येक ठोका मनगटाने उचलून आणावा लागतो. शेजाऱ्यांच्या भीतीने काहीजण उशीवर सराव करतात. थोडा केला तर मनगटाला ताकद येते. फक्त उशीवरच केला तर उसळी म्हणजे काय, हे हाताला कधी कळतच नाही.

त्याची बैठक बघून तर माझीच पाठ दुखायला लागली. स्टूल इतकं खाली की गुडघे पोटाशी, आणि झांज इतकी वर की प्रत्येक वेळी खांदा उचलायचा. स्टेजवरच्या कुठल्याशा रॉक बँडचा फोटो बघून मांडणी केली होती. मी फक्त स्टूल वर करायला लावलं, मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील इतकं. पायाचा आवाज त्याच संध्याकाळी बदलला. वाद्य आपल्या अंगाला जुळवून घ्यायचं असतं, हे एरवी खुर्चीची उंची आणि लॅपटॉपचा कोन यांवर दहा मिनिटं बोलणाऱ्या माणसाला सुचू नये, याचं नवल वाटलं.

"पण काका, बडी रिच कुठे शिकला होता?" त्याने त्या नामांकित अमेरिकी जॅझ ड्रमरचं नाव घेऊन विचारलं. हा प्रश्न येणारच होता. बडी रिच रीतसर शिकला नव्हता आणि त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, हे खरं. पण तो बोलायला लागायच्या वयात आईवडिलांबरोबर रंगमंचावर ड्रम वाजवत होता, आणि पुढे आयुष्यभर त्याच्यासमोर रोज ऐकणारी माणसं होती. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याचं उदाहरण मला जास्त आवडतं. डावखुरा माणूस, वाजवायचा उजव्या हाताच्या मांडणीवर. त्यामुळे त्याचे फिल नेहमीच्या रस्त्याने जात नाहीत, अडून, वळसा घेऊन येतात, आणि त्यातच त्याची सगळी खुमारी आहे. म्हणजे अडचणीतून शैली निघू शकते. पण रिंगोची लय नीट ऐका, ती तसूभर हलत नाही. वळसा घेऊनही समेवर वेळेत येतो म्हणून तो रिंगो. नाहीतर डावखुरे पुष्कळ असतात.

सामान विकत घेण्याच्या हौसेबद्दल जास्त लिहीत नाही, ती प्रत्येक छंदात असते. दुसऱ्या महिन्यात डबल पेडल येतं, एवढंच. एक पाय धड पडत नाही तोवर दुसऱ्याची सोय. त्यापेक्षा कानात घालायचे बोळे आधी घ्यावेत, निदान खरा ड्रमसेट असेल तर. बंद खोलीत त्याचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो, आणि गेलेले कान कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

रूडिमेंट्सचं, म्हणजे डाव्या-उजव्या हाताच्या ठोक्यांच्या मूळ धड्यांचं, मात्र दोन्ही टोकांना चुकतं. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ साली ४० रूडिमेंट्सची यादी पक्की केली. काहीजण ती यादीच बघत नाहीत, आणि काहीजण भिंतीला चिकटवून रोज एक उरकतात. त्यातल्या सिंगल, डबल, पॅराडिडल आणि फ्लॅम यांवर माणसाची काही वर्षं आरामात जातील. हे आपले तबल्यातले कायदेच आहेत. एक बंदिश घ्यायची आणि पलटे, म्हणजे तिच्याच बोलांची उलटापालट, करत तिचा कीस पाडायचा. आणि आधी तोंडाने म्हणायची. पढंत ही आपल्याकडची केवढी मोठी सोय! जे तोंडात बसलं नाही ते हातात बसत नाही. तालवादक तौफिक कुरेशींनी जेंबेसारख्या आफ्रिकी वाद्यावर तबल्याची भाषा नेऊन बसवली. आमचा इंजिनिअर मात्र व्हिडिओतल्यासारखं मात्रेचे चार भाग मोजत 'वन ई अँड अ' म्हणायला लाजतो आणि 'धा तिरकिट' ड्रमवर कसं म्हणायचं म्हणून तेही म्हणत नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसा तोंड मिटून वाजवत बसतो.

त्याचा पुतण्या ढोल-ताशा पथकात आहे. तिथे अगदी नवशिक्या पोरंही पावसाळ्याच्या काही आठवड्यांत एकसाथ वाजवायला लागतात. शिकवणं तिथे फार बारीक असतं असं नाही. पण पुढे ताशा लय ओढत असतो, दोन्ही बाजूंना ढोल असतात, आणि तुमचा टोल चुकला की शेजारचा नुसती मान वळवून बघतो. तेवढं पुरतं. पथकाची म्हणून एक वेगळी खोड लागते, सगळं एकाच दणक्यात वाजवायची. तो पुतण्या एकदा वर ड्रमवर बसला होता. लय पक्की, पण हाय-हॅट आणि समोरचा स्नेअर ड्रम सारख्याच जोरात, आणि पाय बिचारा मिरवणुकीत चालण्यापुरताच ठाऊक असल्यासारखा.

मी इंजिनिअरला सुचवलं की फोनवर रेकॉर्ड कर, पण लगेच ऐकू नकोस. वाजवल्या वाजवल्या हातांची मेहनत आठवत असते, ती आवाजात मिसळते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ऐक. त्याने ऐकलं. संध्याकाळी जिन्यातच भेटला. म्हणाला, "काका, फोनमध्ये दुसराच कुणीतरी वाजवतोय. आणि तो फार घाईत आहे."

त्यानंतर त्याने दोन चांगल्या गोष्टी मनावर घेतल्या. महिन्यातून एकदा एका जुन्या वादकाकडे जाऊन बसायचं ठरवलं. आणि आम्हाला त्रास नको म्हणून ड्रमखाली प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवून चौथरा करायचा बेत केला. त्याने धक्का स्लॅबपर्यंत बराच कमी पोचतो. गेल्या रविवारी बॉल मागायला खाली आला होता. नातवाच्या क्रिकेटचे पिशवीभर जुने बॉल आमच्या माळ्यावर पडून आहेत. मी नाहीत म्हणून सांगितलं.