आईचा वॉकर आणि नागपूरची जुनी खोली

डिसेंबरात नागपुरात खोली शोधायची तर आधी अधिवेशनाच्या तारखा बघाव्या लागतात. १९५३च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन तिथे भरतं, तेही हिवाळ्यात. आमदार, अधिकारी, पत्रकार आणि मोर्चे घेऊन येणारे लोक एकाच वेळी शहरात उतरतात आणि सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला खोल्यांचे भाव चढतात. माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न गेल्या डिसेंबरात अधिवेशन आटोपल्यावर होतं, म्हणून आम्हाला निवडायला थोडा तरी वाव मिळाला.

आम्ही पाच जण होतो. आई, बाबा, मी, नवरा आणि मुलगी. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, अजून वॉकर घेऊन चालते. त्यामुळे माझी पहिली अट जागेची होती. भाडं, नाश्ता, टीव्ही हे सगळं त्यानंतर. वर्धा रोडवरच्या एका नव्या हॉटेलचे फोटो फार सुरेख होते. मी फोन करून पलंग आणि भिंत यांच्यामध्ये किती जागा सुटते ते विचारलं. पलीकडच्या मुलाने मोजून सांगितलं, दीड फूट. बाथरूमला सरकतं काचेचं दार. आईला तिथे आडवं होऊन शिरावं लागलं असतं. ते हॉटेल मी तिथेच सोडून दिलं.

मग सीताबर्डीतलं एक जुनं हॉटेल मिळालं. लग्नाचं कार्यालय धंतोलीत, म्हणजे जवळच. हॉटेलबद्दल लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं. तक्रारी जवळपास एकाच सुरातल्या होत्या. फर्निचर जुनं, टाइल्स जुन्या, लिफ्ट जुनी. पण ‘घाण’, ‘ढेकूण’, ‘पाणी नाही’ असं कुणी म्हटलेलं नव्हतं आणि ‘खोली प्रशस्त’ हे नाराज माणसांनीही लिहिलं होतं. जुन्या हॉटेलबद्दल वाचताना मी हा फरक फार जपते. जुनेपणाला मी हरकत घेत नाही. ओल, वास आणि कळकट चादरी मात्र मला चालत नाहीत.

ॲपवरून पैसे भरण्याऐवजी सरळ हॉटेलला फोन केला. मॅनेजर म्हणाले, “ताई, या तुम्ही, रूम पाहून घ्या. नाही आवडली तर दुसरी दाखवतो.” चेक-आउट चोवीस तासांचं होतं, आणि आमच्यासाठी हा मोठाच फायदा होता. कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी नऊच्या सुमारास नागपूर येतं. दुपारी दोनला खोली देणाऱ्या हॉटेलात आईला पाच तास लॉबीतल्या सोफ्यावर बसवावं लागलं असतं. इथे आम्ही आलो तेव्हापासून दिवस मोजला गेला.

काउंटरवर प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागितलं. आधारची पूर्ण झेरॉक्स मी कुठेच देत नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं, शेवटचे चारच दिसणारं आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. त्याच्या प्रती मी घरूनच नेल्या होत्या. तिथल्या मुलाने एकदा निरखून पाहिलं आणि ठेवून घेतल्या. सगळ्यांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं. असल्या झेरॉक्स ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात.

पहिली खोली रस्त्याच्या बाजूची होती. मोठी, उजेडाची, पण खिडक्यांची लाकडी तावदानं नीट बसत नव्हती आणि बर्डीचा सगळा आवाज आत येत होता. लग्नसराईत त्यावर वरातींची भर पडणार. शिवाय बाथरूममध्ये जुन्या थाटाचा बाथटब, म्हणजे आंघोळीला त्यात पाय उचलून जायला हवं. आईला ते शक्यच नव्हतं. दुसरी खोली स्वयंपाकघराच्या वर, फोडणीचा वास थेट आत. तिसरी आतल्या बाजूला होती. तिच्या दारात उभी राहिले आणि मला हायसं वाटलं.

जुनी मोझॅकची फरशी, दोन मोठे पलंग आणि त्यांच्यामध्ये वॉकर सहज वळेल एवढी मोकळी जागा. भिंतीतलं उंच कपाट, आरशाचं टेबल, बेताचा सोफा, आणि एवढं असूनही आणखी दोन गाद्या जमिनीवर पडतील अशी ऐसपैस. उशाशी लाकडी पट्टीवर दिव्यांची बटणं, त्यातली काही बंद. खिडकीत बसवलेला एसी खडखडत होता, पण नागपूरच्या डिसेंबरात तो लावतंय कोण? पडद्यांचा रंग उडालेला, तरी ते धुतलेले होते. मॅनेजरनी सांगितलं, हॉटेल उभं राहिलं तेव्हा वऱ्हाडच्या वऱ्हाड यायचं, एका खोलीत सात-आठ माणसं झोपायची, म्हणून खोल्या अशा बांधल्या.

सामान वर आणण्याआधी मी खोली नीट तपासली. मोबाइलचा टॉर्च लावून गाद्यांच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागची फट पाहिली. ढेकूण असले तर तिथे बारीक काळे ठिपके दिसतात. काही नव्हतं. कपाट उघडून वास घेतला. बेसिनचा नळ सोडून बाथरूमच्या जाळीत पाणी तुंबतं का ते पाहिलं. गीझर लावून हात भाजेपर्यंत थांबले. पंचवीस लिटरचा गीझर थंडीत पुन्हा पूर्ण तापायला अर्ध्या तासाहून थोडा जास्तच वेळ घेतो. मुहूर्त सकाळचा, त्यामुळे पाच आंघोळींचा क्रम रात्रीच ठरवून ठेवला. आईची सर्वांत आधी. वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हेही विचारून घेतलं. चालत होती. जाळीच्या दोन दारांची लिफ्ट, तिची दारं हाताने ओढायची. लिफ्टवाले काका आई आत नीट उभी राहीपर्यंत दार धरून थांबायचे.

अडचण एकच राहिली, आणि ती मोठी होती. बाथरूमला चार बोटं उंच उंबरा. वॉकरची पुढची दोन चाकं त्यावर अडायची. मॅनेजरना बोलावून दाखवलं. त्यांनी देखभालीच्या माणसाला हाक मारली. “आजींसाठी काही तरी बनवून दे रे, त्यांना पाय उचलता नाही येऊन राहिला.” तासाभरात त्याने तिरकी फळी बसवून दिली आणि तिच्यावर रबरी चटई ठोकली. फरशी ओली झाली की घसरडी व्हायची, म्हणून आत आणखी एक चटई आणि आंघोळीला प्लास्टिकचं उंच स्टूल मागून घेतलं. दहापट भाड्याच्या हॉटेलातही इतक्या लवकर फळी ठोकून मिळाली असती असं मला वाटत नाही. तिथे कर्मचाऱ्याला आधी परवानगी काढावी लागते.

गैरसोयी होत्याच. प्लग दोनच, तेही टेबलाच्या मागे. बाबांचं नेब्युलायझर आणि चार मोबाइल घरून नेलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालले. टॉवेल विरलेले होते. नाश्ता साधा आणि थोडा गार, म्हणून नवरा आणि मुलगी रोज बाहेरून तर्री पोहे आणायचे. हरभऱ्याची लालभडक तर्री वेगळ्या पिशवीत. बाबांना तिखट चालत नाही, तरी त्यांनी ती चमचाभर घेतलीच. आम्ही पाचही जण एका खोलीत गोल बसून खात होतो, मध्ये कुणाचा पाय कुणाला लागत नव्हता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामेबहीण, तिच्या दोन नणंदा आणि त्यांची मुलंही येऊन बसली. आईला कार्यालयातल्या गर्दीत फार वेळ बसवत नाही. तिला माहेरची माणसं निवांत भेटली ती या खोलीत.

निघताना बिल ओळीओळीने वाचलं. भाड्यावर जीएसटी पाच टक्के लावला होता, तो बरोबर. सप्टेंबर २०२५पासून रोज साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला हाच दर आहे, आधी बारा होता. पण खोलीत मागवलेल्या जेवणावर दहा टक्के सेवाशुल्क परस्पर जोडलेलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच सांगितलंय की हॉटेल किंवा रेस्टॉरंटने हे शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. मी शांतपणे एवढंच म्हटलं, “हे काढून टाका.” त्यांनी वाद न घालता काढलं. वाद झाला असता तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर जवळ होताच. तेच पैसे, वर थोडे घालून, मी फळी ठोकणाऱ्या माणसाच्या आणि लिफ्टवाल्या काकांच्या हातात दिले. कष्ट त्यांनी घेतले होते, तेव्हा पैसे त्यांच्यापर्यंत पोचायला हवेत.

गाडी संध्याकाळची होती आणि आमचे चोवीस तास सकाळीच संपत होते. अर्ध्या दिवसाचं भाडं भरून खोली ठेवली. आई दुपारी झोपली आणि थेट स्टेशनला निघाली. हे पैसे वाचवायच्या भानगडीत म्हाताऱ्या माणसांबरोबर प्रवास करणाऱ्यांनी पडू नये.

उन्हाळ्यात नागपुरात भाच्याची मुंज आहे. त्या खिडकीतल्या एसीचा भरवसा नाही, म्हणून मॅनेजरना दोन गोष्टी कळवल्यात. एसी दुरुस्त करा किंवा खोलीत मोठा कूलर ठेवा, आणि कमोडशेजारी भिंतीला स्टीलची दांडी बसवा. दांडी बसली की फोटो पाठवतो म्हणालेत. फोटो आला की आगाऊ पैसे पाठवणार आहे.