आधी कडा पाहा

स्मरणिकेत जुन्या आठवणी लिहाव्यात, अशी पद्धत आहे. याच अंकात वर्गावर्गांचे ग्रुप फोटोही असतात. त्यात जो तो आपला चेहरा शोधतो आणि पान उलटतो. फोटो मात्र त्याहून बरंच काही सांगत असतो. आजच्या मुलामुलींच्या हाती सहज कॅमेरा येतो, म्हणून मनोगताची ही जागा मी फोटो वाचायचा कसा आणि मग आपला काढायचा कसा, यासाठी वापरतो आहे.

एखादा गाजलेला फोटो घ्या, शक्यतो पानभर छापलेला. मधला विषय तळहाताने झाका आणि चारही कडांवरून बोट फिरवा. कडेला काय कापलं गेलंय, काय आत डोकावतंय, ते बघा. मग उजेडाची दिशा शोधा. नाकाची सावली कुठे पडली आहे आणि बुबुळातला पांढरा ठिपका कुठल्या बाजूला आहे, यावरून ती कळते. कॅमेऱ्याची उंचीही सापडते: सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा उभ्या माणसांना जिथे छेदते, तेवढ्या उंचीवर कॅमेरा होता. कमरेला छेदत असेल तर फोटो काढणारा खाली वाकलेला होता. हे सगळं पाहून झालं की मगच हात काढा.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा १९३६ सालचा ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) हा फोटो असा वाचून बघा. कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरची ही आई. तिचे एकाहून अधिक फोटो काढले गेले. काहींत सगळा तंबू आणि आजूबाजूचा पसारा दिसतो. गाजलेल्या फोटोत त्यातलं जवळजवळ काही उरलेलं नाही. दोन मुलांनी तोंडं फिरवलेली, मांडीवर तान्हं आणि गालाशी टेकलेली आईची बोटं. मुलांचे चेहरे दिसले असते तर आपली नजर तीन ठिकाणी फिरली असती. इथे ती एकाच चेहऱ्यावर थांबते. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. पुढे तो निगेटिव्हवर, म्हणजे फिल्मवरच्या मूळ प्रतिमेवर, हाताने रिटच करून पुसट करण्यात आला, म्हणजे कडेचा अंगठासुद्धा खुद्द लँगना खुपला. हाच फोटो दुसऱ्या बाजूनेही बघायला हवा. ती बाई कोण, हे १९७८मध्ये जगाला कळलं, तेव्हा या फोटोचा आपल्याला काहीच लाभ झाला नाही, ही खंत तिने बोलून दाखवली. अनोळखी माणसाचा फोटो काढताना परवानगी आधी विचारा, आणि काढलेला फोटो त्याला दाखवा. जमलं तर प्रतही द्या.

फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा १९३२ सालचा फोटो माझ्या मते शिकण्यासाठी सर्वांत उत्तम. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय आणि त्याची टाच पाण्याला टेकायला अगदी थोडं अंतर उरलंय. त्या अंतरातच सगळी गंमत आहे. टाच टेकली असती तर पाणी उडालं असतं आणि प्रतिबिंब मोडलं असतं. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरवर उडी घेतलेली एक नर्तिका आहे; माणसाची झेप आणि तिची झेप एकमेकींना उत्तर देतात. पाण्यात आडवी पडलेली शिडी पाहिली की तो कुठून निघाला तेही कळतं. फोटो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून घेतलेला, त्यामुळे फळीचा भाग कडेला आला आणि तो कापावा लागला. फोटो क्रॉप न करण्याबद्दल, म्हणजे त्याच्या कडा न कापण्याबद्दल, ते अतिशय काटेकोर होते. हा फोटो त्याच्या मोजक्या अपवादांपैकी एक.

अँसेल अ‍ॅडम्स या अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकाराचा १९४१ सालचा, न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो वेगळा धडा देतो. मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होतं आणि घाईत लाइटमीटर (उजेड मोजायचं यंत्र) सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. तिच्यावरून हिशेब करून त्यांनी ८ बाय १० इंचाच्या फिल्मवर एफ ३२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवून, १ सेकंद एक्स्पोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घेतला. दुसरा फोटो घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. पुढे अनेक वर्षं ते त्या एकाच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात ढगांच्या फिकट रेघा दिसतात, नंतरच्यांत तेच आकाश जवळजवळ काळं आहे. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले तर अभिव्यक्ती शटर दाबल्यावर संपत नाही, हे डोळ्यांना दिसतं.

आता आपला सराव. रोज जाता-येता दिसणारी एकच जागा निवडा: जिना, खिडकी, नळ, काहीही चालेल. ३० दिवस तिथेच फोटो काढा, दिवसाला १२च. मर्यादा घातली की बोट आपोआप थांबतं आणि डोळा काम करू लागतो. पहिला आठवडाभर एकही फोटो पुसू नका, कारण फसलेल्या फोटोतच आपली सवय दिसते. मग ३६ फोटो एका कागदावर छोटे छोटे छापा. फिल्मच्या काळात याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. त्यातले पाच लाल पेन्सिलीने निवडा आणि शेजारी कारण लिहा. ‘छान आला’ हे कारण चालणार नाही. ‘सावली पायरीच्या कोपऱ्यात बरोबर मोडली’ हे चालेल. असे तीन-चार कागद झाले की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: कुणी नेहमी वरून बघतं, कुणी डावीकडे मोकळी जागा सोडतं. शैली ठरवून येत नाही, ती या कागदावर सापडते.

फसतं कुठे? कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेला आणू पाहतो. म्हणून पांढऱ्या गणवेशातली रांग मळकट दिसते, आणि अंधाऱ्या रंगमंचावरच्या वक्त्याचा चेहरा पांढराफटक जळतो. चौकटीत पांढरं जास्त असेल तर कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर +१ (जास्त उजळ), काळं जास्त असेल तर −१ (कमी उजळ) करून बघा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा आणि उजेडाची पट्टी वर-खाली सरकवा. धावणारा स्पष्ट यायला शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडं हवं. कमी उजेडात फोन स्वतःहून शटरचा वेळ वाढवतो; कोपर बरगडीला टेकवलं तर हाताचं हलणं थांबेल, समोरच्याचं नाही. शिवाय फोनची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान येतात. दीड-दोन मीटर मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. आणि लेन्स पुसा! धुरकट फोटोंचं निम्मं कारण बोटाचा तेलकट ठसा असतो.

ग्रुप फोटोतही गफलत कडेलाच होते. वाइड लेन्समुळे टोकाची मुलं आडवी ताणली जातात, म्हणून मागे जा आणि दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी सोडा. सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं की डोळे बारीक होतात. इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं करा. तीन रांगा असतील तर कॅमेऱ्यात एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान) ठेवा, म्हणजे सगळ्या रांगा स्पष्ट येतील, मधल्या रांगेवर फोकस करा आणि किमान १० फोटो घ्या, कारण कुणाची ना कुणाची पापणी मिटतेच. प्रिंट हातात आला की त्याच दिवशी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, काठाजवळ, हलक्या हाताने तारीख, इयत्ता आणि रांगेनुसार डावीकडून उजवीकडे सगळी नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जो त्या दिवशी गैरहजर होता, त्याचंही नाव लिहा.