पिंगुळीची पोथी आणि ड्रॉइंगचा तास

घंटा, छडी आणि मधल्या सुट्टीतल्या कैऱ्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत येणारच. माझ्या आधीच्या बॅचवाल्यांनी ते विषय सोडले असतील असं वाटत नाही. मी ड्रॉइंगवर लिहितो, कारण पुढे माझं पोट त्यावरच चाललं. मुंबईत जाहिरातींसाठी आणि मालिकांसाठी मी स्टोरीबोर्ड काढतो. म्हणजे गोष्ट आधी चौकटींत काढायची आणि दिग्दर्शकासमोर एकेक चौकट दाखवत तोंडाने सांगायची.

आपल्या वेळी ड्रॉइंग म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. पितळी तांब्या, शेजारी दोन वांगी, मागे चुण्या पडलेला पडदा. सावली कुठल्या बाजूला पडते यावरून आमची सरांशी हुज्जत चाले. सरांचा हात सुरेख होता, त्यांना नावं ठेवायला जागाच नाही. पण सायकलवरून सहज जाता येईल अशा कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर आदिवासी मंडळींच्या घरी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या, पोथ्या कापडात बांधून ठेवलेल्या होत्या, आणि त्या ड्रॉइंगमध्ये मोडतात हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अभ्यासक्रमातच नव्हतं, तर सर तरी काय करणार! पोथी देवळातली, जागराच्या रात्रीची. एकदा मी आजीला विचारलं, ही चित्रं कोणी काढली? ती म्हणाली, "चित्रा खंयची रे, देव असा तो. हात लावू नको."

तरी आम्ही पुढे सरकून बसायचो. मधला कथेकरी वीणा घेऊन बसे, एका बाजूला हुडूक (डमरूसारखं चर्मवाद्य), दुसऱ्या बाजूला टाळ. समोर फळीला टेकून पोथी. पहिलं चित्र गणपतीचं, मग सरस्वती, आणि त्यानंतर कथेला तोंड फुटे. कागद दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एक बाजू सांगून झाली की उलटायचं, दुसरी बाजू सुरू. एका पोथीत अशी तीस-चाळीस चित्रं, रामायणातल्या किंवा महाभारतातल्या एखाद्या कथेची. हुडुकाचा पट्टा खांद्याने ताणला की आवाज चढतो, सैल सोडला की उतरतो. राक्षस आला की तो हुडूक असा काही घुमे की शेजारचा पोरगा माझा दंड घट्ट धरी.

त्या चित्रांत काय होतं ते आज धंद्याच्या नजरेने सांगू शकतो. चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, डोळा मात्र मोठा आणि पुरता उघडा. मागे डोंगर नाही, झाड असलंच तर एखादं. तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग सपाट भरलेले, त्यांच्याभोवती काळी ठाम रेघ. सावलीचा प्रश्नच मिटला! युद्धाच्या चित्रात दोन्हीकडून सुटलेले बाण मधल्या रिकाम्या जागेत एकमेकांसमोर आलेले, आणि ते लागायच्या आत कथेकरी थांबे, गाणं म्हणे, आपल्याला ताटकळत ठेवी. चित्रकाराने ती जागा रिकामी ठेवली होती ती कथेकऱ्याला बोलता यावं म्हणून, असं माझं मत आहे. आमच्या धंद्यात नवीन मुलं चौकट गच्च भरून आणतात, आणि मग सांगायला काही उरत नाही.

ही परंपरा किती मागे जाते? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख सापडतो. आपल्या भागात सावंतवाडी संस्थानाने तिला आश्रय दिला. संस्थानं गेली, सिनेमा आला, मग टीव्ही. दारोदार बाहुल्या आणि पोथी घेऊन जाणाऱ्याला लोक कलावंत म्हणेनात, मागायला आला म्हणू लागले. हे असं दारात ऐकून घेतलेल्या घरातल्या पुढच्या पिढीने पोथी बांधून माळ्यावर टाकली, तर दोष कोणाला द्यायचा?

अशा दिवसांत परशुराम विश्राम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, जे ठाकर समाजाचं म्हणून होतं ते त्यांनी धरून ठेवलं, मुलांना शिकवलं. 2006 साली स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर गावाकडचे इतके मेसेज आले की वाटलं, अख्खा कुडाळ तालुका जन्मापासून पोथीसमोर मांडी घालून बसला होता. असो. आनंद खराच होता, उशिरा का होईना.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. पैठणकडून मिळालेली म्हणून त्यांना पैठणची चित्रं म्हणतात. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. काम थक्क करणारं आहे, रेघ तर अशी की आम्ही नुसतं बघत राहावं. पण शेजारी उभं असलेलं कुटुंब अर्ध्या मिनिटात पुढच्या दालनात गेलं. त्यांची तरी काय चूक! हुडूक नाही, वीणा नाही, पुढे काय झालं हे सांगणारं कोणी नाही. मी एकटाच मनातल्या मनात गोष्ट म्हणत उभा राहिलो, आणि तीही दोन चित्रांनंतर अडली, कारण मधली पानं तिथे नव्हती.

म्हणून सुवर्णमहोत्सव समितीला एक सूचना. सत्कार, शाल, श्रीफळ जरूर करा, पण एक संध्याकाळ पिंगुळीच्या कलावंतांना पोथी घेऊन शाळेत बोलवा आणि त्यांचं रीतसर मानधन आधी ठरवा. स्टेज नको, माइक नको. चित्र जेमतेम दीड फुटाचं असतं, लांबून काही दिसत नाही, तेव्हा एका वेळी चाळीस-पन्नास मुलंच बसवा, सतरंजीवर. ड्रॉइंगच्या सरांनाही बसवा. मंत्री, आमदार आले तर त्यांना मागे खुर्च्या द्या. पहिली रांग पाचवीच्या पोरांची.

— माजी विद्यार्थी, दहावी 1991