घडातला चेंडू

दिंडोरीकडच्या एका गोल्फ कोर्सवर स्पर्धा असली की मी पंच म्हणून जातो. जानेवारीतली सकाळ. एका निवृत्त कर्नलसाहेबांचा पहिलाच फटका उजवीकडे वळला, कुंपणाच्या सिमेंटच्या खांबावर टण्णकन आदळला आणि चेंडू गायब. पलीकडे द्राक्षबाग. चेंडू शोधायला ३ मिनिटं मिळतात (२०१९ च्या आधी ५ मिळायची), म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो.

तेवढ्यात घडांना पेपर लावणाऱ्या एक मावशी ओरडल्या, "ओ साहेब, तुमचा गोळा आमच्या घडात बसलाय!"

खरंच बसला होता. थॉमसन जातीच्या द्राक्षवेलाची एक काडी कुंपणावरून आमच्या बाजूला लोंबत होती. तिच्या घडाच्या पेपरची वरची पिन सुटली होती आणि त्यात चेंडू आरामात होता. साहेबांनी वाकून आपली हिरवी खूण ओळखली.

सोबत खेळणारे डॉक्टर म्हणाले, "वेल बागेचा, म्हणजे चेंडू हद्दीबाहेर. एक फटका दंड आणि परत टीवरून, म्हणजे पहिला फटका मारला तिथून." ऐकायला पटतं. पण वेल कुणाचा हे नियम विचारतच नाही. कुंपणाच्या खांबांच्या आतल्या कडा जमिनीलगत जोडल्या की जी रेघ होते ती हद्द, आणि ती तशीच सरळ वर जाते. अख्खा चेंडू तिच्या पलीकडे असेल तरच बाहेर. इतका न्याय्य नियम दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेला नाही.

एव्हाना बागायतदार अण्णा आले होते. "बांधाच्या भांडणात निम्मी हयात गेली माझी. थांबा," म्हणत त्यांनी दोन खांबांना सुतळी ताणली, दुसऱ्या सुतळीला दगड बांधून चेंडूखाली ओळंबा सोडला. दगड आमच्या बाजूला, चांगला वीतभर आत. "तुमच्यातच आहे," अण्णांनी निकाल दिला. माझाही तोच होता.

"मग इथूनच मारतो!" साहेबांनी काडी वाकवायला हात घातला.

"हात लावू नका!" मी आणि अण्णा एकदमच ओरडलो. अण्णांचा माल निर्यातीचा, आणि माझ्या नियमात फटका सोपा व्हावा म्हणून उगवती फांदी वाकवायला किंवा मोडायला मनाई. अण्णा तर घडासमोर छाती काढूनच उभे राहिले.

शेवटी साहेबांनी चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर केलं. एक फटका दंड, ओळंबा टेकला तिथून दोन स्टिकच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून नवा चेंडू टाकायचा. नवा चालतो, त्यामुळे घडाला कुणी बोटही लावलं नाही. त्या होलवर साहेबांचे पाच फटके झाले.

"पाच मिळाले? बरं झालं," अण्णा खुशीत म्हणाले. इथे कमी झालेले चांगले, हे डॉक्टरांनी समजावलं, पण अण्णांना ते पटलं नाही.

"अण्णा, माझा चेंडू?" साहेबांनी विचारलं.

"राहू द्या आता तोडणीपर्यंत. व्यापारी १६ मिलिमीटरचा मणी मागतो. हा ४२ चा आहे, भाव तरी विचारून बघतो."